प्रतिष्ठेचे मोजमाप : अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधील थोर घराणी

शिकागो विद्यापीठाच्या आवारात हेन्री मूर यांनी घडवलेले ब्राँझचे एक शिल्प उभे आहे. २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील पहिली नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया याच जागी घडवून आणली. तो प्रयोग झाला एका फुटबॉल स्टेडियमच्या प्रेक्षागाराखाली, आणि तिथे तो होऊ शकला याचे एक कारण असे की, वर बसायला आता कोणी येत नव्हते. ज्या विद्यापीठाला एमोस अलोन्झो स्टॅग यांच्यासारखा प्रशिक्षक १८९२ पासून चार दशके लाभला, ज्याने १९०५ मध्ये मिशिगनची छप्पन्न सामन्यांची अपराजित वाटचाल २–० अशी खंडित केली, आणि ज्याचा जे बर्वँगर हा खेळाडू १९३५ मध्ये वर्षातील सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या आणि पुढे हाइझमन ट्रॉफी म्हणून प्रसिद्ध झालेल्या पारितोषिकाचा पहिला मानकरी ठरला, त्या विद्यापीठाने १९३९ च्या अखेरीस अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या आग्रहावरून फुटबॉल बंद करून टाकला. तीस वर्षांनी तो पुन्हा सुरू झाला, पण खालच्या स्तरावर.

आज अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वांत प्रतिष्ठित नावांची चर्चा निघते तेव्हा शिकागोचा उल्लेख होत नाही. जिंकलेले सामने नोंदवहीत कायम राहतात, पारितोषिके कपाटात राहतात, तरीही प्रतिष्ठा निघून जाऊ शकते. मग ती असते तरी कशात, हा या माहितीपटाचा विषय आहे.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. हा फुटबॉल आपल्याकडे पावसाळ्यात चिखलात रंगणारा, पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. यात लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचे किंवा तो सहकाऱ्याकडे फेकायचा, आणि शंभर यार्ड लांबीच्या मैदानावर प्रतिस्पर्ध्याची फळी भेदत टोकापर्यंत पोहोचायचे असते. अ‍ॅन आर्बर (मिशिगन विद्यापीठ) किंवा कोलंबस (ओहायो स्टेट विद्यापीठ) येथे शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांना शरद ऋतूतील शनिवारी सगळे गाव एकाच रंगाचे कपडे घालून एकाच दिशेने चालताना दिसते, तेव्हा या खेळाचे तिथले स्थान न सांगता कळते. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तिथे या संदर्भात ‘टीम’पेक्षा ‘प्रोग्रॅम’ हा शब्द अधिक वापरला जातो, कारण खेळाडू चार-पाच वर्षांत निघून जातो आणि मागे उरते ती शिकवण्याची रीत, प्रशिक्षकांची परंपरा, गणवेशाचा रंग, मैदान आणि त्या सर्वांशी बांधले गेलेले लोक. मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द ‘घराणे’ हाच आहे, आणि या निवेदनात तो आपण त्याच अर्थाने वापरणार आहोत.

अजिंक्यपदे मोजावीत आणि प्रश्न मिटवावा, असे प्रथमदर्शनी वाटते. पण ती मोजायला घेतली की पहिल्याच पायरीवर पाय घसरतो. प्रिन्स्टन आपल्या नावावर अठ्ठावीस राष्ट्रीय अजिंक्यपदे सांगते आणि येल सत्तावीस. महाविद्यालयीन फुटबॉलचा पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी राज्यात झाला आणि त्यात रटगर्सने प्रिन्स्टनला ६–४ असे हरवले; आठवड्याभरात झालेल्या दुसऱ्या सामन्यात प्रिन्स्टन ८–० असे जिंकले. त्या वर्षी संपूर्ण देशात एवढेच दोन सामने झाले, आणि प्रिन्स्टनच्या अठ्ठावीस अजिंक्यपदांत १८६९ चाही समावेश आहे.

याचे मूळ व्यवस्थेत आहे. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी एनसीएए ही संस्था इतर खेळांत अजिंक्यपद देते, पण फुटबॉलच्या सर्वोच्च स्तरावर तिने स्वतः ते कधीच दिलेले नाही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची पत्रकारांच्या मतांवर आधारलेली क्रमवारी १९३६ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या वर्षांचे विजेते बहुतांशी नंतरच्या अभ्यासकांनी आणि गणिती पद्धतींनी मागे वळून ठरवले. १९९७ मध्ये पत्रकारांनी मिशिगनला आणि प्रशिक्षकांनी नेब्रास्काला पहिले स्थान दिले, आणि एकाच वर्षाचे दोन विजेते झाले. चार संघांची बाद फेरी २०१४ च्या हंगामापासून आली आणि २०२४ पासून ती बारा संघांची झाली. अशा परिस्थितीत दावा करणाऱ्याला मोकळे रान मिळते. अ‍ॅलबॅमा आज अठरा अजिंक्यपदे सांगते. त्यांत १९४१ चे एक आहे, ज्या वर्षी त्यांचा संघ दोन सामने हरला होता आणि असोसिएटेड प्रेसच्या यादीत विसावा होता. अ‍ॅलबॅमाच्या थोरवीला या एका अजिंक्यपदाची काहीही गरज नाही, आणि म्हणूनच तो दावा मला खटकतो.

एकूण विजयांचा निकष अधिक सरळ आहे, आणि तिथे मिशिगनची बरोबरी कोणी करू शकत नाही. १८ नोव्हेंबर २०२३ रोजी मेरिलँडवर मिळवलेला विजय हा मिशिगनचा हजारावा विजय होता, आणि हा टप्पा गाठणारे हे पहिले घराणे ठरले. त्याच हंगामाच्या शेवटी ते अजिंक्यही झाले. त्यांचे १९२७ मध्ये उभे राहिलेले स्टेडियम आज एक लाख सात हजारांहून अधिक प्रेक्षकांना सामावून घेते. विजय, सातत्य, लोकाश्रय हे सर्व मिशिगनकडे आहे. तरीही एका घराण्याचे नाव मिशिगनच्या आधी घेतले जाते, आणि त्या घराण्याच्या मोठेपणाला मिशिगनने नकळत हातभार लावला, हे या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रकरण आहे.

इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथील नोटर डेम हे कॅथलिक विद्यापीठ १८४२ मध्ये स्थापन झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी ते एक लहानसे, फारसे कोणाला ठाऊक नसलेले ठिकाण होते. १ नोव्हेंबर १९१३ रोजी त्यांचा संघ वेस्ट पॉइंट येथे लष्करी अकादमीविरुद्ध खेळायला गेला आणि ३५–१३ असा जिंकला. चेंडू पुढे फेकण्याला परवानगी मिळून काही वर्षे झाली होती, पण त्या डावपेचाचा इतका मनमोकळा वापर पूर्वेकडच्या प्रेक्षकांनी क्वचितच पाहिला होता. गस डोरे चेंडू फेकत होता आणि तो झेलणाऱ्यांत नूट रॉकनी नावाचा, नॉर्वेहून लहानपणी आलेला एक विद्यार्थी होता. हाच रॉकनी १९१८ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाला आणि तेरा हंगामांत त्याच्या संघाने १०५ सामने जिंकले, १२ गमावले आणि ५ अनिर्णित राखले.

मध्य-पश्चिमेकडील मोठ्या विद्यापीठांच्या संघटनेत, म्हणजे आजच्या बिग टेनमध्ये, प्रवेश मिळावा अशी नोटर डेमची इच्छा होती. तो प्रवेश त्यांना नाकारला गेला, आणि विरोध करणाऱ्यांत मिशिगनचे प्रशिक्षक फील्डिंग योस्ट आघाडीवर होते. शेजारी खेळायला तयार नसतील तर सामने दूरवर शोधणे भाग होते. रॉकनी यांचा संघ रेल्वेने न्यूयॉर्कला गेला, दक्षिणेत गेला, १९२६ मध्ये लॉस एंजेलिसला जाऊन सदर्न कॅलिफोर्नियाशी, म्हणजे यूएससीशी, खेळला. आणि जिथे जाईल तिथे त्याला आयर्लंड, इटली, पोलंड येथून आलेली कॅथलिक कामगार कुटुंबे भेटत गेली, ज्यांनी या विद्यापीठाची पायरी कधी चढली नव्हती, पण ज्यांना हा संघ आपला वाटत होता. तो काळ कॅथलिक स्थलांतरितांबद्दल उघड द्वेषाचा होता. मे १९२४ मध्ये कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेष्ट्या, कॅथलिकविरोधी संघटनेचा मेळावा साउथ बेंडमध्येच भरला तेव्हा नोटर डेमचे विद्यार्थी रस्त्यावर त्यांच्याशी भिडले, आणि त्याच वर्षीच्या हंगामात त्यांचा संघ एकही सामना न गमावता राष्ट्रीय विजेता ठरला. इतरांच्या प्रतिष्ठेला एका राज्याची सीमा होती. नोटर डेमची प्रतिष्ठा वस्त्यावस्त्यांतून देशभर पसरली. ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्ससमध्ये झालेल्या विमान अपघातात रॉकनी यांचा मृत्यू झाला तेव्हा शोक देशभर व्यक्त झाला.

नोटर डेमचे शेवटचे अजिंक्यपद १९८८ चे आहे. जानेवारी २०२५ मध्ये ते अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले आणि ओहायो स्टेटकडून ३४–२३ असे हरले. तरीही, करोनाचा २०२० चा एक हंगाम वगळता, फुटबॉलपुरते ते आजवर कोणत्याही संघटनेत सामील झालेले नाहीत, आणि त्यांच्या घरच्या सामन्यांसाठी एनबीसी या राष्ट्रीय वाहिनीशी स्वतंत्र करार १९९१ पासून चालू आहे. हे घराणे आता केवळ जुन्या पुण्याईवर जगते, असा आक्षेप घेतला जातो. तो मला पटत नाही. पुण्याई पुरवून पुरवून साडेतीन दशके पुरत असेल, तर प्रतिष्ठा या शब्दाने आपण त्याहून वेगळे काय सुचवतो?

याचा पडताळा नेब्रास्कात मिळतो. लिंकन शहरातील त्यांच्या स्टेडियमची तिकिटे ३ नोव्हेंबर १९६२ पासून प्रत्येक घरच्या सामन्याला संपत आली आहेत. त्याला अपवाद फक्त करोनाच्या हंगामाचा, जेव्हा प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता. टॉम ऑस्बोर्न यांच्या प्रशिक्षणाखाली १९९४, १९९५ आणि १९९७ मध्ये मिळालेल्या अजिंक्यपदांनंतर त्यांना एकही मिळालेले नाही, आणि २०१७ ते २०२३ असे सलग सात हंगाम तर त्यांच्या पराभवांची संख्या विजयांपेक्षा जास्त होती. त्या सात वर्षांतही लाल कपडे घातलेली माणसे तासन्‌तास गाडी चालवून लिंकनला येत राहिली. कोणत्याही क्रमवारीत न दिसणारी ही ओढ मला अजिंक्यपदाइतकीच मौल्यवान वाटते.

अ‍ॅलबॅमाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. १ जानेवारी १९२६ रोजी रोझ बोल या कॅलिफोर्नियात होणाऱ्या मानाच्या सामन्यात त्यांनी वॉशिंग्टनला २०–१९ असे हरवले, तेव्हा यादवी युद्धानंतर गरिबीत आणि उपेक्षेत राहिलेल्या दक्षिणेने तो विजय संपूर्ण प्रदेशाचा मानला. ‘बेअर’ ब्रायंट यांनी १९५८ ते १९८२ या काळात सहा अजिंक्यपदे मिळवून दिली. निक सेबन यांनी २००७ ते २०२३ या सतरा हंगामांत आणखी सहा मिळवली, आणि त्यांचे लुइझियाना स्टेटबरोबरचे २००३ चे अजिंक्यपद धरले तर ते ब्रायंट यांच्याही पुढे गेले. दोन वेगवेगळ्या कालखंडांत, दोन वेगवेगळ्या पद्धतींच्या फुटबॉलमध्ये असे वर्चस्व दुसऱ्या कोणाला साधलेले नाही. पण ब्रायंट यांच्या पहिल्या तीन अजिंक्यपदांच्या संघांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, हेही सांगितले पाहिजे. १२ सप्टेंबर १९७० रोजी यूएससीच्या संघाने बर्मिंगहॅमला येऊन अ‍ॅलबॅमाला ४२–२१ असे हरवले आणि सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने तो सामना गाजवला. त्या पराभवामुळे अ‍ॅलबॅमाचे दरवाजे उघडले अशी दंतकथा आहे. प्रत्यक्षात विल्बर जॅक्सन हा शिष्यवृत्ती मिळालेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू त्याआधीच विद्यापीठात दाखल झाला होता, फक्त पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळण्याची मुभा नव्हती.

हे दरवाजे बंद होते तेव्हा दक्षिणेतील कृष्णवर्णीय खेळाडू कुठे खेळत होते, हा प्रश्न प्रतिष्ठेच्या वादात क्वचितच विचारला जातो. ते ग्रॅम्बलिंग, फ्लोरिडा ए अँड एम, जॅक्सन स्टेट यांसारख्या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत खेळत होते, आणि राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या मुख्य क्रमवारीत या महाविद्यालयांची गणना होत नव्हती. उत्तर लुइझियानातील ग्रॅम्बलिंग येथे एडी रॉबिन्सन यांनी १९४१ मध्ये काम सुरू केले. ब्रायंट यांच्या नावावर कारकिर्दीत ३२३ विजय होते आणि तो विक्रम मानला जात होता. १९८५ मध्ये रॉबिन्सन यांनी तो मागे टाकला आणि शेवटी ते ४०८ पर्यंत पोहोचले. त्यांचा शिष्य डग विल्यम्स हा जानेवारी १९८८ मध्ये सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचे सूत्रधारपद सांभाळणारा खेळाडू, ठरला.

मला यादी करायला सांगितली, तर मी नोटर डेमला पहिले स्थान देईन, कारण त्यांच्याइतके परक्यांना कोणी आपलेसे केले नाही. दुसरे मिशिगनला आणि तिसरे अ‍ॅलबॅमाला देईन, आणि या दोघांची अदलाबदल कोणी केली तर फार वाद घालणार नाही. ओहायो स्टेट चौथे. नोव्हेंबरच्या अखेरीस मिशिगनशी होणारा त्यांचा सामना दोघांचीही किंमत वाढवतो. पाचव्या जागेसाठी यूएससी आणि ओक्लाहोमा ही नावे सहसा पुढे येतात, आणि ओक्लाहोमाचा १९५३ ते १९५७ मधील सलग सत्तेचाळीस विजयांचा विक्रम आजही अबाधित आहे. पण घराणे हा शब्द आपण मनापासून वापरत असू, तर पाचवी जागा मी ग्रॅम्बलिंगला देईन. रॉबिन्सन १९९७ मध्ये निवृत्त झाले, आणि पुढच्या हंगामात त्यांच्या जागी मुख्य प्रशिक्षक म्हणून मैदानाच्या कडेला उभे राहिले ते डग विल्यम्स.