तांबं ऐकेनासं होतं तेव्हा

(पडदा काळा. फक्त ठोक्यांचा आवाज.)

फोंडा तालुक्यातलं एक गाव. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर मंगळुरी कौलांची पडवी. तिच्यात भट्टी, जमिनीत रोवलेला लोखंडी खुंट आणि भिंतीला टेकवून ठेवलेले अर्धवट हंडे. बाहेर आषाढ कोसळतो आहे. आत कांसार तांब्याचा पत्रा खुंटावर फिरवत ठोकतो आहे. दरेक ठोक्याला पत्रा जरासा खाली जातो. दोनएकशे ठोके झाले की तो थांबतो, अंगठ्याने कड दाबून बघतो आणि म्हणतो, "आतां तें आयकना."

आता ते ऐकत नाही. मग पत्रा भट्टीत जातो, लाल होतो आणि बाहेर आला की पुन्हा ऐकू लागतो.

तांब्यात अणू रांगांनी बसलेले असतात. ठोका बसला म्हणून अख्खी रांग एकदम सरकत नाही. रांगेत कुठेतरी एक चूक असते, ती चूक पुढेपुढे सरकते आणि तेवढ्याने पत्रा वाकतो. ठोके वाढले की चुका वाढतात, एकमेकींत अडकतात. रापणीचं जाळं वाळूवर कसंही टाकून दिलं की त्याचा गुंता होतो, मग एक दोरा ओढला तरी काही हलत नाही, तसं. भट्टीची आच हा गुंता सोडवते.

कांसाराचा हात सेकंदाला फार तर पाच-दहा मीटर वेगाने खाली येतो. त्या वेगात तांब्याला सावरायला सवड मिळते. ही सवडच काढून घेतली तर?

(आकृती: लांब नळी, टोकाला बंद खोली.)

ते पाहायला गोवा सोडून जावं लागतं. मुंबईत तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र, चंदीगडची टर्मिनल बॅलिस्टिक्स रिसर्च लॅबोरेटरी, अशा मोजक्या जागी हे काम चालतं. तिथे कॅमेरा नेण्याचं नावच काढू नका, म्हणून ही आकृती.

हिला म्हणतात गॅस गन. नळीच्या एका टोकाला हेलियमसारखा वायू दाबून भरलेला. मधला पडदा फाटतो, वायू सुटतो आणि नळीतला दट्ट्या पुढे झेपावतो. दट्ट्याच्या नाकावर तांब्याची एक सपाट चकती बसवलेली असते. समोर तांब्याचीच दुसरी चकती वाट पाहत असते. खोलीतली हवा आधीच उपसून काढलेली, नाहीतर दोन चकत्यांमध्ये हवेची गादी दाबली जाऊन टक्कर बोथट होते. दोन्ही चकत्या एकमेकींवर अगदी सपाट आदळायला हव्यात. केसभर तिरक्या झाल्या तरी महिनाभराची तयारी वाया.

टक्कर झाली की नमुना पलीकडच्या टाकीत जाऊन पडतो. इतक्या महागड्या यंत्राच्या शेवटी त्या टाकीत काय भरलेलं असतं? बऱ्याच ठिकाणी चिंध्या. नमुना दुसऱ्यांदा आदळून खराब होऊ नये, म्हणून जुन्या कापडाची गादी.

(झुआरी पूल, संध्याकाळ.)

आता टक्करीच्या आत शिरू. नवा झुआरी पूल होण्याआधी कुठ्ठाळीला रांगेत अडकलेल्या कुणालाही हे सांगायला नको. पुढे एक ट्रक बंद पडतो. तुमची गाडी पाच-दहा मीटर सरकून थांबते. पण थांबण्याची खबर मागे, गाडीमागून गाडी, केव्हाच मैलभर गेलेली असते. गाडीचा वेग वेगळा, खबरेचा वेग वेगळा.

तांब्यात तेच. एक चकती सेकंदाला १ किलोमीटर वेगाने दुसरीवर आदळली, तर जिथे त्या भेटतात तिथलं तांबं सेकंदाला अर्धा किलोमीटर वेगाने सरकू लागतं. आणि त्याची खबर, म्हणजे आघात तरंग, सेकंदाला सुमारे ४.७ किलोमीटरने पुढे धावते. या दोन वेगांचा आणि तांब्याच्या घनतेचा गुणाकार केला की दाब हाती येतो. तीन आकड्यांचा गुणाकार, बस्स. स्कॉटलंडचा विल्यम रँकिन आणि फ्रान्सचा पिएर-आंरी ह्यूगोन्यो या दोघांनी एकोणिसाव्या शतकात हा हिशेब मांडला. ह्यूगोन्यो १८८७ मध्ये गेला, तेव्हा छत्तिशीतही पोचला नव्हता. त्याच्या कामाचा काही भाग तर तो गेल्यावर छापला गेला.

आपल्या चकतीचं उत्तर येतं २१ गिगापास्कल. म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या २ लाख पट. समुद्राचा सगळ्यांत खोल तळ, मारियाना गर्ता, तिथे हा आकडा सुमारे १,१०० आहे. आणि तांबं? ते जेमतेम एक दशांश आक्रसतं.

हे सगळं घडतं किती वेळात? ५ मिलिमीटर जाडीची चकती तरंग एका मायक्रोसेकंदात पार करतो. पापणी लवायला लाखभर मायक्रोसेकंद लागतात.

(मोरजीचा किनारा, भरती.)

साध्या ध्वनीपेक्षा हा तरंग वेगळा का, हे किनाऱ्यावर उभं राहून कळतं. उथळ पाण्यात लाटेचा माथा तिच्या पायथ्यापेक्षा वेगाने धावतो. मागचं पाणी पुढच्याला गाठतं, लाट उभी भिंत होते. धातूतही दाबलेल्या भागात ध्वनी जास्त वेगाने जातो, म्हणून मागून येणारा दाब पुढच्याला गाठत राहतो आणि चढ संपून कडा उरतो. देवळातली घंटा वाजते तेव्हा काशाची थरथर हलकी असते, घंटा पुन्हा होती तशी होते. आघात तरंग गेलेलं तांबं होतं तसं राहत नाही. जुन्या चुका सरकायला वेळच नसतो, तेव्हा नव्या चुका घाऊक भावात जन्माला येतात. काही धातूंत तर स्फटिकाचा एक पट्टा आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा बसतो. असे जुळे पट्टे आकाशातून पडलेल्या लोखंडी अशनींतही सापडतात. अंतराळातल्या टकरींची ती खूण.

मडगावच्या स्थानकावर, रूळ एकमेकांना छेदतात त्या जागी वाकून बघा. तिथे बसवतात ते मँगनीज पोलाद. रॉबर्ट हॅडफिल्डने १८८२ मध्ये शोधलेलं. आगगाडीची चाकं आपटून आपटून ते कठीण होत जातं. पण तोवर झीज होतेच. म्हणून जगात काही ठिकाणी रूळ बसवण्याआधीच त्याच्यावर स्फोटकाचा पातळ थर उडवतात. वर्षानुवर्षांचा मार एका क्षणात देऊन टाकायचा. कांसाराला जे नको असतं, तेच इथे मुद्दाम घडवून आणतात.

आणि लोखंड? मांडवीच्या बार्जांनी दशकानुदशकं ज्याचं खनिज वाहिलं, त्याची कथा सगळ्यांत मजेची. १९५६ साली अमेरिकेत लॉस अलामॉसला बँक्रॉफ्ट, पीटरसन आणि मिन्शल यांनी लोखंडातून आघात तरंग पाठवले. एक तरंग पलीकडे पोचायला हवा होता, पण ते तुकड्यातुकड्यांनी आले. वाटेत लोखंडाने कूस बदलली होती. १३ गिगापास्कलच्या आसपास त्याचे अणू जुनी मांडणी मोडून नव्या, जास्त दाटीच्या मांडणीत बसतात. नवी मांडणी नेमकी कोणती, हे क्ष-किरणांनी दिसायला १९६२ उजाडलं. पृथ्वीच्या पोटात, जिथे दाब ३६० गिगापास्कलच्या घरात आहे, तिथल्या लोखंडाचा अंदाज बांधायला हे प्रयोग लागतात. तिथवर कुणी खोदून जाणार नाही.

तरंगाची एक खोडी सांगायची राहिली. तो नमुन्याच्या मागच्या मोकळ्या पाठीवर पोचला की उलट फिरतो, आणि उलटताना दाब असतो त्याचा ताण होतो. दाबणारा हात एकदम ओढू लागतो. बर्ट्रम हॉपकिन्सनने १९१४ मध्ये दाखवलं की पोलादाच्या जाड पाटाला स्फोटक चिकटवून उडवलं, तर पाटाला भोक पडत नाही, पण मागच्या बाजूने पोलादाचा टवका सुटून उडतो. मारा समोरून, घाव पाठीवर. रणगाड्याच्या आतल्या माणसाला हे शास्त्र वाचून कळत नाही. आज पाठ किती वेगाने हलली ते लेझरने मोजतात. बार्कर आणि हॉलनबाख यांची ही पद्धत १९७२ची. त्या वेगाच्या आलेखात एक छोटा उसळता बाक दिसला की समजायचं, आत तडा गेला.

(वास्को. झुआरीच्या मुखाशी क्रेन.)

इथे जहाजं बांधतात. गोवा शिपयार्डची सुरुवात १९५७ची, पोर्तुगीज अमदानीतली. जगात अनेक जहाजांचं बूड पोलादी असतं आणि वरचा मजला ॲल्युमिनियमचा, कारण वर वजन वाढलं की जहाज कलंडायला बघतं. आता पोलादाला ॲल्युमिनियम जोडायचं कसं? ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, लोखंड १,५३८ला. दोन्ही वितळवून एकत्र केले तर मध्ये ठिसूळ थर धरतो. बोल्ट मारले तर खारी हवा फटीत शिरून ॲल्युमिनियम खाते.

उपाय स्फोटाचा. पोलादाच्या पाटावर काही मिलिमीटर अंतर सोडून ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवायचा, वर अमोनियम नायट्रेटचं स्फोटक पसरायचं आणि एका कडेने पेटवायचं. स्फोट कडेकडेने धावतो, पत्रा तिरका होऊन आदळत जातो. टकरीच्या रेषेपुढे धातूची चिळकांडी उडते आणि दोन्ही पृष्ठांवरचा गंज, मळ, सगळं उडवून नेते. उघडे पडलेले दोन धातू एकमेकांत रुततात. ३ मीटरची पट्टी जोडायला सेकंदाचा हजारावा भाग, फार तर थोडा जास्त. चांगल्या पट्टीत पोलादावर आधी शुद्ध ॲल्युमिनियम असतं आणि त्यावर समुद्राला टिकणारा ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचा मिश्रधातू.

(कापलेल्या पट्टीचं मोठं केलेलं चित्र.)

सांध्याची रेघ सरळ नाही. एकसारख्या लाटा, माथे जरा पुढे झुकलेले. ओहोटीनंतर मिरामारच्या ओल्या वाळूवर उमटतात तशा.

पट्टीची पोलादी बाजू पोलादाला वेल्ड होते, ॲल्युमिनियमची बाजू ॲल्युमिनियमला. एकच पथ्य: वेल्ड करताना मधला सांधा ३०० अंशांच्या पुढे तापू द्यायचा नाही, नाहीतर तोच ठिसूळ थर परत धरतो. म्हणून वेल्डर थोडं अंतर जोडतो आणि मशाल बाजूला धरतो. पट्टी निवेपर्यंत थांबतो. तोवर चहा येतो.