मास्तरले सरपंच नोका करू

(दृश्य : सकाळ. पार, चहाची टपरी. कापसाने भरलेली बंडी रस्त्याला लागते.)

वर्धा जिल्ह्यातलं एक गाव. निवडणूक जवळ आली आहे आणि टपरीवर दुसऱ्या चहाला विषय निघालाय सरपंचाचा. गावात एक निवृत्त मास्तर आहेत. घरात दोन कपाटं भरून पुस्तकं. कोणाच्या सातबाऱ्यात घोळ झाला, कोणाला बँकेचं पत्र कळलं नाही, की पाय त्यांच्या ओसरीकडे वळतात. कोणीतरी म्हणालं, मास्तरांनाच उभं करू. कोपऱ्यातल्या आजोबांनी बिडी विझवली.

"मास्तर मानूस सोन्यावानी हाये. पन त्याले सरपंच नोका करू. तो इचार करत बसन, अन् इकडं टाकी कोरडी राहीन."

सगळे हसले. आजोबा मात्र ज्या भांडणात पडले होते, ते चोवीसशे वर्षांपासून मिटलेलं नाही : जास्त शहाण्याच्या हाती राज्य द्यावं का?

(दृश्य : शाळेच्या फळ्यावर भूमध्य समुद्राचा नकाशा.)

इ.स.पू. 399. अथेन्समध्ये सॉक्रेटिसला विषाचा प्याला दिला गेला. शिक्षा एखाद्या राजाने नाही, नागरिकांच्या बहुमताने ठोठावली होती. त्याचा तरुण शिष्य प्लेटो हे कधीच विसरला नाही. पुढे 'रिपब्लिक' या ग्रंथात त्याने लिहिलं की तत्त्वज्ञ राजे होत नाहीत, किंवा राजे तत्त्वज्ञ होत नाहीत, तोवर राज्यांची दुखणी संपणार नाहीत.

त्याने या राजांचा अभ्यासक्रमही आखला. लहानपणी संगीत आणि व्यायाम. विशीपासून दहा वर्षं गणित. मग पाच वर्षं वादविवादाचं शास्त्र, पुढची पंधरा वर्षं हाताखालच्या पदांवर उमेदवारी. पन्नाशी आली की गादी. स्वतःचं घर नाही, शेत नाही, संसार नाही. बायकाही या पदाला लायक असतात, हे त्याने तेव्हा म्हणून ठेवलं होतं.

आपल्याकडे 2017 मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा झाला. त्यात शिक्षणाची अट आली : 1 जानेवारी 1995 नंतर जन्मलेला उमेदवार किमान सातवी पास हवा. प्लेटोची पन्नाशी आणि आपली सातवी! हसू येतं, पण प्रश्न तोच आहे. गावाचा कारभार हातात घेणाऱ्याला किती कळलेलं असावं?

प्लेटोने प्रयोगही करून पाहिला. सिसिलीतल्या सिराक्यूजचा तरुण राजा डायोनिसियस याला तत्त्वज्ञ करायला तो गेला. राजाला तत्त्वज्ञान हवं होतं ते दरबारात मिरवायला. ज्याच्या आग्रहावरून प्लेटो आला होता, त्या डिऑनलाच राजाने हद्दपार केलं. प्लेटो आशा धरून पुन्हा गेला, तर नजरकैदेसारखा अडकून पडला. शेवटी एका मित्राने जहाज पाठवून त्याला सोडवलं. पुढे रोमला मार्कस ऑरेलियस हा खरोखरीचा तत्त्वज्ञ सम्राट मिळाला. त्याने राज्य बरं केलं, आणि जाताना ते कमोडस नावाच्या नालायक पोराच्या हाती दिलं. पोरापुढे तत्त्वज्ञान पांगळं होतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही जिल्हा परिषद गटात विचारा.

(दृश्य : पवनार. धाम नदीचं पात्र.)

सिराक्यूज लांब आहे. पवनार जवळ आहे. विनोबा इथे राहिले. पायी फिरून लाखो एकर जमीन मागितली, पण खुर्ची कधी मागितली नाही. तरी सत्तेने त्यांना गाठलंच.

25 डिसेंबर 1974 ला विनोबांनी वर्षभराचं मौन घेतलं. सहा महिन्यांत आणीबाणी आली. मौनातल्या विनोबांकडून दोन शब्द बाहेर आले : 'अनुशासन पर्व'. महाभारतातल्या तेराव्या पर्वाचं हे नाव. शरपंजरी पडलेले भीष्म युधिष्ठिराला उपदेश करतात, ते हे पर्व. सरकारने ते शब्द उचलले, आणि आणीबाणीला ऋषीचा आशीर्वाद मिळाल्याचा गाजावाजा झाला. मौन सुटल्यावर विनोबांनी उलगडा केला : शासन सत्तेचं असतं, अनुशासन आचार्यांचं. तोवर उशीर झाला होता. त्या दोन शब्दांबद्दल विदर्भातली जुनी माणसं अजून हळहळतात. मला विचाराल तर त्यांची हळहळ रास्त आहे.

(दृश्य : गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणारा रस्ता. दोन्ही बाजूंना जंगल.)

मेंढा, म्हणजे मेंढा-लेखा. जेमतेम पाचशे वस्तीचं गोंडांचं गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही यांची घोषणा. देवाजी तोफा हे इथलं पुढारपण, आणि सोबत अभ्यासाला कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल होते. पण आजोबांच्या प्रश्नाला या गावाने दिलेलं उत्तर माणसांत नाही, बैठकींत आहे.

इथे दोन वेगळ्या बैठकी होतात. एक अभ्यास गटाची. तिथे कायदा वाचायचा, बाहेरच्या जाणत्याला बोलवायचं, शंका काढायच्या, वाद घालायचा. तिथे निर्णय होत नाही. दुसरी ग्रामसभा. तिथे निर्णय होतो, तोही बहुमताने नाही, सर्वांच्या सहमतीने. एकजण जरी अडला, तरी विषय पुढच्या सभेला. ज्याला जास्त कळतं त्याने सांगावं. ठरवताना त्याचं मत एकच.

मग बांबूचं बघा. 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. जंगल मिळालं, तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो, आणि वनखातं तो देईना. का? तर 1927 च्या वन कायद्यात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबू बसवला होता, आणि झाड म्हटलं की लाकूड, लाकूड म्हटलं की खात्याचं. उलट 2006 चा वनहक्क कायदा बांबूला स्पष्ट शब्दांत गौण वनोपज म्हणतो, म्हणजे तो तोडून विकायचा हक्क गावाचा. वनस्पतिशास्त्र म्हणतं, बांबू गवत आहे.

झाड म्हणजे काय? अथेन्सच्या बाजारात सॉक्रेटिस असेच प्रश्न विचारत फिरायचा आणि लोक वैतागायचे. मेंढ्यात त्या प्रश्नावर गावाची मजुरी अडली होती. गावाने कायदा वाचलेला होता, म्हणून ते हटलं नाही. 27 एप्रिल 2011 ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू निघाला तो 2017 मध्ये. गाव सहा वर्षं पुढे होतं.

हे सगळीकडे जमेल? पाचशे माणसांत सहमती होते, पाच हजारांत नुसती दमछाक होईल. आणि मेंढ्यात बसायला वेळ काढतात, हेच मोठं भांडवल आहे.

(दृश्य : पुन्हा वर्ध्याचं गाव. ग्रामपंचायतीचं कार्यालय.)

निवडणूक होऊन गेली. मास्तर उभे राहिले नाहीत. सरपंच झाली बचत गटातली एक बाई. आज ग्रामसभा आहे, आणि गणपूर्ती नाही. म्हणून सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे नंतर तीच अकरा माणसं त्याच सतरंजीवर बसली.

मास्तरांनी चष्मा पुसला. सरपंचबाईंनी जमाखर्चाचं रजिस्टर त्यांच्याकडे सरकवलं. ते एकेक ओळ वाचू लागले. पाइपलाइन दुरुस्तीच्या बिलाशी आले आणि थांबले.

"दुरुस्ती म्हणजे नेमकं काय केलं?"

ग्रामसेवक पाण्याचा ग्लास शोधू लागले. दाराशी बसलेले आजोबा सतरंजीवर थोडे पुढे सरकले.