सभाबंदीच्या मुलखातला बोलका माणूस

(दृश्य: नांदेडमधला गजबजलेला चौक. वाढदिवसाचे फलक.)

मोठेपणा हल्ली चौकात टांगलेला असतो. मधोमध भाऊ, हात जोडलेले, डोळ्यांवर गॉगल. खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग. डीजे असतो, जेसीबीतून फुलं उधळली जातात. उत्साहाला तोटा नाही. याच नांदेडात एक मास्तर राहून गेले. त्यांचाही उत्साह मापाबाहेरचा होता, फक्त तो स्वतःवर खर्च होत नव्हता.

नरहर कुरुंदकर. मूळ गाव कुरुंदा, आजच्या हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात. जन्म १९३२ चा. इंटरच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास. प्रतिभा निकेतन शाळेत मास्तरकी, मग पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक, पुढे तिथलेच प्राचार्य. पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत 'गुरुजी'च.

(दृश्य: मुक्तिसंग्रामाच्या काळातली छायाचित्रं.)

हा माणूस इतका का बोलला, हे समजायचं तर थोडं मागं जावं लागतं. नांदेड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. तिथं 'गश्ती निशाण ५३' नावाचं फर्मान होतं. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी. शिक्षण उर्दूत. घरात मराठी, कचेरीत उर्दू, आणि चौकात तोंडाला कुलूप! १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, तेव्हा कुरुंदकर सोळा वर्षांचे होते आणि निजामाविरुद्धच्या मुक्तिलढ्यात उतरलेले होते. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ. संन्यासी माणूस. त्यांच्याच पुढाकारानं १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज उभं राहिलं. कुलूप निघाल्यावर बोलण्याचा जो पूर आला, त्याला तिथं पात्र मिळालं.

आणि पूर म्हणजे पूरच. मनुस्मृती, भरताचं नाट्यशास्त्र, इस्लाम, गांधी, मर्ढेकरांची कविता, अभिजात संगीत. विषय कुठलाही असो, गुरुजींकडे त्यावर मत असायचं आणि मतामागं युक्तिवाद असायचा. समोरच्याची बाजू ते आधी नीट मांडायचे, कधी कधी समोरच्यापेक्षाही चांगली. मग एकेक खांब काढायचे. शिव्याशाप नाहीत, आवेशाची नाटकं नाहीत.

(दृश्य: पुस्तकाची पानं, जवळून.)

मोठा माणूस कशानं मोठा होतो, या प्रश्नाला त्यांनी थेट हात घातला तो शिवाजी महाराजांवर बोलताना. लोकांना आवडणाऱ्या गोष्टी कोणत्या? अफझलखानाचा वध, शाहिस्तेखानाची बोटं, आग्र्याहून सुटका. कुरुंदकर म्हणतात, हे सगळं खरं, पण रहस्य इथं नाही. शौर्य इतरांनीही गाजवलं आहे. रहस्य शोधायचं ते महाराज गेल्यानंतर. १६८० नंतर औरंगजेब सगळी ताकद घेऊन दक्षिणेत उतरला, आणि मराठे पाव शतक लढत राहिले. संभाजी महाराज मारले गेले, राजाराम महाराज जिंजीला गेले, तिथून परतून सिंहगडावर वारले, तरी लढाई थांबली नाही. नुसत्या पगारासाठी लढणारी माणसं इतकी टिकत नाहीत. हे राज्य आपलं आहे, असं रयतेला वाटत होतं म्हणून ती लढली.

(दृश्य: खुलताबाद. औरंगजेबाची कबर.)

तो बादशहा दिल्लीला परतलाच नाही. १७०७ मध्ये गेला आणि इथं, आपल्या मराठवाड्यात पुरला गेला. कबर अगदी साधी आहे. तशीच असावी, ही त्याचीच इच्छा. त्याचाही मोठेपणा कुरुंदकर नाकारत नाहीत. शत्रूला लहान केलं की आपला नायकही लहान होतो, एवढा साधा हिशेब त्यांना कळत होता. आज तो मांडायला गेलं तर मारामारी होईल.

त्यांच्याबद्दल एक हळहळ नेहमी ऐकू येते: माणूस भाषणांत वाया गेला, बसून एक भला थोरला ग्रंथ लिहिला असता तर! मला हे पटत नाही. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ची प्रस्तावनाच बघा. ते देसाईंना लिहिलेलं पत्र आहे, लांबलचक. विषय डोक्यात आला की समोर कोणीतरी हवंच. सभा नसेल तर पत्र. ज्याला ऐकणारा लागतो, त्याला तुम्ही खोलीत कोंडून ग्रंथ कसा मागणार?

उधळेपणाची किंमत मात्र पडली. १० फेब्रुवारी १९८२. औरंगाबाद, गाण्याचा कार्यक्रम. व्यासपीठावरच हृदयविकाराचा झटका आला. वय अवघं ४९.

(दृश्य: ग्रंथालयातला कपाटाचा कप्पा. पुस्तकांचे कणे.)

बरीचशी पुस्तकं त्यांच्या मागं निघाली, व्याख्यानं आणि विखुरलेले लेख गोळा करून. पहिल्यांदा वाचणाऱ्यानं 'छत्रपती शिवाजी महाराज : जीवनरहस्य' घ्यावं. लहानसं आहे, एका बैठकीत संपतं. मग वाद घालायला कोणीतरी गाठावं लागतं.