लाँगवुड: ३२ खोल्यांपैकी ९

[दृश्य: झाडांच्या शेंड्यांवर डोकावणारा घुमट]

लांबून पाहिलं तर वाटतं, कुण्या नवाबाचा महाल असावा. आठ कोनांचं घर आणि माथ्यावर कांद्याच्या आकाराचा घुमट. पण हे अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं नॅचेझ, आणि लाँगवुड नावाचं हे घर एका कापूस-बागायतदाराचं.

त्याचं नाव हॅलर नट. (आडनावच नट, रंगभूमीशी संबंध नाही.) हजारो एकर जमीन, शेकडो गुलाम. फिलाडेल्फियाचे वास्तुविशारद सॅम्युअल स्लोन यांच्याकडून त्यानं आराखडा करून घेतला आणि १८६० साली काम सुरू झालं. हौस दांडगी! सहा मजले, ३२ खोल्या. मधोमध घुमटापर्यंत मोकळी जागा, म्हणजे गरम हवा वर निघून जाईल. वरचं ऊन आरशांवरून परतवत तळघरापर्यंत उतरवायचं, असाही बेत होता. विटा मात्र इथल्याच मातीच्या, गुलामांनी पाडलेल्या आणि भाजलेल्या.

१८६१. अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण अशी यादवी पेटली. उत्तरेतून आलेले सुतार-गवंडी हत्यारं टाकून घरी परतले. बाहेरून घर उभं, आत नुसता सांगाडा. नटनं हाताशी उरलेली माणसं आणि गुलाम कामाला लावून तळघर तेवढं राहण्याजोगं करून घेतलं. ९ खोल्या. बायको ज्युलिया आणि मुलांना घेऊन तो तिथे राहू लागला. स्वतः गुलामांचा मालक, पण सहानुभूती उत्तरेच्या युनियनकडे, म्हणजे देश एकसंध राहावा म्हणून लढणाऱ्या बाजूकडे! त्याचा उपयोग काही झाला नाही, युद्धानं त्याला धुऊन काढलं. १८६४ मध्ये न्यूमोनियानं तो गेला. गावानं घराला नाव ठेवलं, 'नटचं खूळ'.

[दृश्य: तळघरातून वर जाणारा जिना]

खाली गालिचे, जुनं फर्निचर, तसबिरी. एक जिना चढलात की घर संपतं. उघडे वासे, रंगाचे डबे, लाकडी खोकी. मला विचाराल तर बघायचं ते इथेच. गिलावा झाला असता तर या विटा कायमच्या झाकल्या गेल्या असत्या, आणि त्या कुणी भाजल्या हे विचारायचं कुणाला सुचलंही नसतं.

आज घर इथल्या एका गार्डन क्लबकडे आहे. वरचे मजले त्यांनी तसेच ठेवलेत.

ज्युलिया १८९७ पर्यंत जगली. याच तळघरात, डोक्यावर २३ रिकाम्या खोल्या घेऊन.