फुप्फुसाचा तुकडा काय सांगतो

(दृश्य: परळ, सकाळची वेळ. रुग्णालयांच्या फाटकांपुढची गर्दी.)

परळ. केईएम, टाटा, वाडिया, हाफकिन, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. ताप-खोकला होऊन धाप लागलेला माणूस इथे आला की डॉक्टर छातीचा एक्स-रे काढतात, रक्त तपासतात, नाकातला स्वॅब पाठवतात. स्वॅबमधून विषाणूचं नाव कळतं. पण त्या विषाणूनं आत नेमकं काय केलं, हे पाहायचं तर फुप्फुसाचा तुकडाच पाहावा लागतो. आधीच दम कोंडलेल्या रुग्णाचा असा तुकडा काढणं फार धोक्याचं. म्हणून या आजारांविषयी जे खोलवर कळलं आहे, त्यातलं बरंचसं शवविच्छेदनातून कळलं आहे. दुःखाच्या ऐन क्षणी ज्या घरांनी त्याला होकार दिला, त्यांचं देणं आपण सगळेच लागतो.

(दृश्य: पॅथॉलॉजीची प्रयोगशाळा. मायक्रोटोमवर काम करणारे हात.)

तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरतो. मग अल्कोहोलनं त्यातलं पाणी काढायचं, झायलिनमधून न्यायचा आणि वितळलेल्या पॅराफिन मेणात बसवायचा. हा झाला ब्लॉक. मायक्रोटोमवर त्याचे तीन ते पाच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप निघतात, कोमट पाण्यावर तरंगतात आणि तिथून काचपट्टीवर उचलले जातात. शेवटी रंग: हिमॅटॉक्सिलिननं पेशींची केंद्रकं निळी होतात, इओसिननं बाकीचं गुलाबी.

निरोगी फुप्फुसाच्या स्लाइडवर बहुतेक रिकामी जागाच दिसते. ती हवेची जागा. वायुकोशांच्या, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्यांच्या, भिंती इतक्या पातळ असतात की हवा आणि रक्त यांच्यात कित्येक ठिकाणी एक मायक्रॉनचंही अंतर नसतं.

आता गंभीर विषाणूजन्य न्यूमोनियाची स्लाइड पाहा. वायुकोशांचं अस्तर मेलेलं आहे. केशवाहिन्यांतून, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांतून, प्रथिनांनी भरलेलं पाणी आत झिरपलं आहे. मेलेल्या पेशींचा चुरा आणि ती प्रथिनं मिळून भिंतीला आतून एक गुलाबी, काचेसारखा थर चिकटला आहे. याला हायलिन मेंब्रेन म्हणतात. प्राणवायूला हा थर सहज ओलांडता येत नाही. मास्क लावून, ऑक्सिजन पूर्ण सोडूनही बोटावरच्या यंत्रातला आकडा का चढत नव्हता, हे २०२० आणि २०२१ मध्ये कितीतरी घरांनी विचारलं. त्याचं उत्तर या गुलाबी पट्ट्यात आहे. रुग्ण तगला तर पुढच्या आठवड्यांत नवं अस्तर वाढू लागतं. काहींच्या फुप्फुसात मात्र त्या जागी व्रणाचे तंतू भरतात, आणि जिना चढताना लागणारी धाप मागे राहते.

हे चित्र एकट्या कोविडचं नाही. फ्लूमध्येही हेच दिसतं, रक्तात जंतुसंसर्ग पसरला तरी दिसतं. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू दिसत नाही, कारण तो साधारण १०० नॅनोमीटरचा, म्हणजे मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढा. दिसतात त्याच्या खुणा. गोवरात पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या राक्षसी पेशी होतात. २०२२ मध्ये गोवंडीत गोवर पसरला, तेव्हाही बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पुरळच होतं. पण गोवरानं मूल दगावतं ते बरेचदा न्यूमोनियानं.

(दृश्य: मुंबईची जुनी गोदी, कृष्णधवल छायाचित्रं.)

१९१८ चा जून. इन्फ्लुएन्झा, म्हणजे फ्लू, मुंबईच्या गोदीत उतरला, आणि पहिल्या आजाऱ्यांत तिथले पोलीस शिपाई होते. शरद ऋतूतल्या लाटेत, ६ ऑक्टोबरला, एका दिवसात शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. ही माणसं कशानं गेली? याचा उलगडा करणारा पुरावा अमेरिकेत जपलेल्या ब्लॉकमध्ये सापडला. त्या साथीत मेलेल्यांच्या फुप्फुसांचे काप २००८ मध्ये पुन्हा तपासले गेले. विषाणूनं श्वासनलिकांचं अस्तर उखडलं होतं आणि त्या वाटेनं घशातले जिवाणू आत शिरले होते. बहुतेकांचा जीव घेतला तो या जिवाणूंच्या न्यूमोनियानं. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून दहा वर्षं होती.

अशाच एका जपलेल्या तुकड्यातून, एका सैनिकाच्या फुप्फुसातून, अमेरिकी शास्त्रज्ञ जेफरी टॉबेनबर्गर यांच्या गटानं १९९७ मध्ये त्या विषाणूच्या जनुकांचे पहिले अंश मिळवले. बर्लिनच्या संग्रहालयातल्या १९१२ च्या फुप्फुसातून, म्हणजे गोवरानं गेलेल्या दोन वर्षांच्या मुलीच्या फुप्फुसातून, २०२० मध्ये गोवराच्या विषाणूची जनुकीय रचना वाचली गेली. हे तुकडे ठेवणाऱ्यांना हे प्रश्न ठाऊक असणं शक्यच नव्हतं. तरी त्यांनी ते नीट ठेवले. मला यात शास्त्राची फार मोठी सभ्यता दिसते.

(दृश्य: २०२०. रिकामा मरीन ड्राइव्ह, रुग्णवाहिका.)

कोविड आला तेव्हा आपल्याकडे संसर्गाच्या भीतीनं शवविच्छेदन जवळजवळ थांबलं. मृतदेह गुंडाळून थेट स्मशानात. भीती खोटी नव्हती. शवागारात काम करणाऱ्यांचाही जीव असतो. पण त्याच वेळी हॅम्बुर्गमध्ये १२ मृतांची तपासणी झाली. त्यांतल्या सात जणांच्या खोल शिरांत रक्ताच्या गुठळ्या निघाल्या, ज्यांचा जिवंतपणी संशयही आला नव्हता. चौघांचा मृत्यू थेट फुप्फुसात अडकलेल्या गुठळीनं झाला होता. दुसऱ्या एका अभ्यासात कोविडची सात आणि फ्लूची सात फुप्फुसं शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा कोविडच्या केशवाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या नऊपट आढळल्या. गुठळ्या रोखणाऱ्या हेपॅरिनकडे डॉक्टरांचं लक्ष वळायला अशा पुराव्यानं बळ मिळालं.

आज मृतदेहाच्या छातीवर मोठा छेद न घेताही, बरगड्यांमधून सुई घालून फुप्फुसाचे बारीक तुकडे घेता येतात. या पद्धतीत मोठी गुठळी निसटू शकते, पूर्ण तपासणीची सर तिला नाही. पण हायलिन मेंब्रेन दिसतं, राक्षसी पेशी दिसतात, आणि देह घरच्यांच्या हाती लवकर देता येतो. साथीच्या काळात प्रत्येक मोठ्या रुग्णालयात एवढी सोय हवी, आणि ती का हवी हे घरच्यांना त्यांच्या भाषेत, शांतपणे बसून सांगणारं माणूसही हवं.