पावलाच्या ठशावरून उंची: एका सेंटिमीटरचा घोळ

नमस्कार मंडळी! मालिकेतले इन्स्पेक्टर चिखलातला ठसा बघतात, गॉगल काढतात आणि सांगून मोकळे होतात, 'खुनी पाच फूट आठ इंच.' बरोब्बर आठ. सव्वाआठसुद्धा नाही!

आता खरं काय ते बघू. पावलाची लांबी उंचीच्या साधारण 15 टक्के असते. पाय ओला करून फरशीवर उभे राहा, मग बाजूला व्हा. टाचेच्या मागच्या कडेपासून सगळ्यात पुढे गेलेल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा. तो अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट पुढे असतं. समजा, 24 सेंटिमीटर भरले. भागिले 0.15, म्हणजे 160. सव्वापाच फूट.

[पट्टी हातात घेऊन]

आता ठसा नको, थेट पाऊल मोजा. थोडं जास्त भरेल. टाच मागून गोल असते, बोटांची टोकंही गोल, त्यामुळे कडेचा भाग जमिनीला टेकतच नाही. फरक एका सेंटिमीटरचा धरा. 25 भागिले 0.15 म्हणजे जवळपास 167. एका सेंटिमीटरने माणूस अडीच इंचांहून जास्त वाढला!

म्हणून तज्ज्ञ नुसत्या 15 टक्क्यांवर विसंबत नाहीत. एकाच भागातल्या बऱ्याच लोकांची पावलं आणि उंची मोजून सूत्र बसवतात, बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. पंजाबातल्या पुरुषांचं सूत्र कोथरूडच्या काकूंना लावून चालत नाही. एवढं करूनही अशा सूत्रांत साधारण 3 ते 5 सेंटिमीटरची चूक धरतात, आणि तीनातला एक माणूस त्याही पट्ट्याबाहेर जातो.

हे झालं घरातल्या फरशीचं. जुलैत वेताळ टेकडीवर जाऊन बघा. चिखलात पाय घसरला की ठसा लांबतो. बुटाचा तळ तर पावलापेक्षा मोठाच असतो. फोटो घेताना शेजारी पट्टी ठेवली नाही किंवा कॅमेरा तिरका धरला, तर पुढचं सगळं गणित वाया.

मग उपयोग काय? माणसं वगळायला. अंदाज 155 ते 165 चा आला आणि संशयित सहा फुटी असेल, तर तपास आधी दुसरीकडे वळवावा. पण उंची जुळली म्हणून कुणाला आत टाकता येत नाही. पुण्यात सव्वापाच फुटांची माणसं काय कमी आहेत? ओळख पटवायला टाचेच्या भेगा, कुरूप, सपाट तळवा, बुटाच्या तळावरची झीज नि चिरा बघाव्या लागतात. माझ्या मते ठशातला खरा ऐवज तोच.

शिवाय संशयिताची उंची तरी कुठे स्थिर असते? दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत माणूस एखादा सेंटिमीटर बुटका होतो. तेव्हा कमेंटमध्ये ठसा, पाऊल आणि उंची, तिन्ही आकडे टाका. उंची कधी मोजली, सकाळी की रात्री, तेही लिहा.