पटावरचा शत्रुंजय

(दृश्य: पहाट. गुरुवार पेठेतली गल्ली. अनवाणी पावलं.)

कार्तिकी पौर्णिमा. दुकानांची शटरं अजून खालीच आहेत. पुढे जैन साधू-साध्वी, मागे पूजेच्या कपड्यांतली माणसं. निघालेत शत्रुंजयाच्या यात्रेला. तो डोंगर आहे गुजरातेत, भावनगर जिल्ह्यात, पालिताण्याला. पावसाळ्यात वाटेवर जीवजंतू फार, पायाखाली हिंसा नको, म्हणून चातुर्मासात तिथली यात्रा बंद असते. ती आज उघडते. ज्यांना जाणं जमत नाही, ते आपल्या गावात शत्रुंजयाचा पट, म्हणजे कापडावर रंगवलेलं डोंगराचं चित्र, बांधतात आणि त्याच्यापुढे यात्रा करतात.

(दृश्य: पटाचा खालचा भाग, अगदी जवळून.)

पट खालून वर बघत जायचा. ही जय तळेटी, डोंगराचा पायथा. यात्रेत पाच ठिकाणी चैत्यवंदन, म्हणजे स्तुती म्हणून केलेलं वंदन, करायचं; त्यातलं पहिलं इथे होतं. मग चढण, प्रत्यक्षात साडेतीन हजारांहून जास्त पायऱ्यांची. चित्रकाराने त्या मोजून काढलेल्या नाहीत, पण ही डोली बघा. दोन गड्यांच्या खांद्यावर बांबू, मध्ये पदर सावरून बसलेली बाई. बोटाच्या पेराएवढं चित्र, तरी पुढच्या गड्याच्या पोटरीची शीर दिसते.

(दृश्य: कॅमेरा वर सरकतो. तटबंदी, शिखरं, ध्वज.)

वर नऊ टूंका. टूंक म्हणजे तटबंदीच्या आतलं मंदिरांचं आवार. सगळ्यात मोठं स्थान मूळनायक, म्हणजे मुख्य मूर्ती असलेल्या आदिनाथांचं, पहिल्या तीर्थंकरांचं; यात्रेकरूंच्या तोंडी ‘आदेश्वर दादा’. शेजारी रायणीचं झाड, त्याखाली दादांची पावलं.

आणि ही मोतीशा शेठांची टूंक. इथे थोडं थांबायलाच हवं. डोंगराच्या दोन शिखरांच्या मध्ये खोल दरी होती. मुंबईच्या या जहाजवाल्या व्यापाऱ्याने ती दरी भरून काढायला घेतली आणि त्या भरावावर मंदिरांचं नगर उभं केलं. ते पुरं व्हायच्या आत, 1836 साली, शेठ गेले. मूर्तींची प्रतिष्ठा मुलाने, खीमचंदांनी केली. पटावर आता दरी नाही. रांगेने शिखरंच आहेत.

सूर्य मावळला की डोंगरावर कुणी राहत नाही, पुजारीसुद्धा खाली उतरतात. पटावरही वरच्या भागात एकही दिवा रंगवलेला नाही.

(दृश्य: कापडाचा पोत. फिकट झालेला हिरवा, उडालेला सोनेरी रंग.)

असा पट करायचा तर आधी कापडाला खळ द्यायची, वाळवायचं, मग अकीकाच्या दगडाने घोटत राहायचं, कापडाला कागदासारखी तकाकी येईपर्यंत. त्यानंतर रेघ, मग रंग, सोनं सगळ्यात शेवटी. हा पट उन्हात धरला की घोटल्याची चमक अजून दिसते, आणि दुमडींवर भेगा पडल्यात त्याही दिसतात. तो जाणत्या हातांकडून दुरुस्त करून घेतला पाहिजे, आणि तेही लवकर. बऱ्याच ठिकाणी आता फ्लेक्सचा पट लागतो, स्वस्त पडतो, आणि हाताने रंगवणाऱ्यांचं काम त्यामुळे कमी झालं आहे.

(दृश्य: खुर्चीत बसलेल्या आजी. हात जोडलेले.)

दादा या डोंगरावर नव्व्याण्णव पूर्व वेळा आले, अशी श्रद्धा; ‘पूर्व’ ही जैन गणनेतली एक प्रचंड मोठी संख्या. म्हणून ‘नव्वाणू’ यात्रा, एका मुक्कामात नव्व्याण्णव वेळा डोंगर चढायचा. या आजींनी ती तरुणपणी केली आहे. आज गुडघे वाकत नाहीत. शत्रुंजयाच्या एकवीस नावांची एकवीस खमासमणं, म्हणजे वाकून करायची वंदनं, त्या खुर्चीतूनच देतात. नात शेजारी मोजते आहे.

(दृश्य: नातीचं बोट पटावर, डोलीपाशी. आवाज मूळ चित्रणातला.)

“आजी, ही तू?”

“नाही गं. मी चालत गेले होते.”

(दृश्य: दुपार. चौघे जण पट उतरवतात, वर मलमल अंथरून लाकडी दांड्यावर गुंडाळतात. तळेटी आत जाते, मग पायऱ्या, मग टूंका.)